कांगारूची शिशुधानी

गेल्या पौष महिन्यात आमच्या घरी एक पाहुणी नेमल्या वेळेच्या सात आठवडे आधीच येऊन दाखल झाली. धाकट्या सूनबाईंना बारामतीच्या एका रुग्णालयात कन्यारत्न झाले. आईची प्रकृती उत्तम होती. परंतु बाळाचे वजन भरले अवघे १ किलो ६१० ग्रॅम. वाण्याकडून येणाऱ्या दोन किलो साखरेच्या पुड्याहूनही ती हलकी होती. शिवाय श्वास मधूनमधून अडखळत असल्यामुळे पहिले नऊ दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवण्यात आले.

कासवी आपल्या पिलांस पाजीत नाही, पोटाशी घेत नाही. ती पैलतीरी राहून केवळ दृष्टीने त्यांचे पोषण करते, अशी आपल्या संतकवींची एक आवडती कल्पना आहे. त्या नऊ दिवसांत आमचे सारे कुटुंब कासवीच्या पंक्तीला जाऊन बसले होते. काचेपाशी उभे राहावे, पाच मिनिटे पाहावे आणि परिचारिकेने खूण केली म्हणजे परत फिरावे, हा आमचा नित्यक्रम. नुसत्या दृष्टीने पोषण होत असते, तर आमच्या नातीने आठवड्याभरात बाळसे धरले असते.

दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता बाळाचा श्वास स्थिर आहे. त्याला पेटीतून काढून आईच्या छातीशी ठेवायचं. अंगाला अंग लागलं पाहिजे, मध्ये कापड नको. कांगारू ठेवते ना, तसं.”

ही वार्ता घरी पोहोचताच दोन प्रश्न निघाले. पहिला आमच्या वहिनींचा. त्यांचे वय आज ७८ आहे आणि घरातील बहुतेक बाळंतपणे त्यांच्याच देखरेखीखाली पार पडली आहेत. त्या म्हणाल्या, “भाऊजी, आपल्या घरचं मूल जनावरासारखं वाढवायचं का? आणि तेही उघडं, पौषातल्या थंडीत?” दुसरा प्रश्न दहा वर्षांच्या नातवाचा. “आजोबा, कांगारूचं पिलू पिशवीत जातं कसं? त्याची आई त्याला उचलून आत ठेवते का?”

पस्तीस वर्षे आम्ही मुलांना शिकवीत आलो. ‘कांगारूच्या पोटाला पिशवी असते व तीत तो आपले पिलू ठेवितो’ हे वाक्य आम्ही किती इयत्तांना घोकविले असेल याची गणती नाही. परंतु पिलू आत जाते कसे, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही, आणि कोणा विद्यार्थ्याने विचारला असता तर ‘पुढे वाचा’ असे म्हणून आम्ही त्यास खाली बसविले असते. पेन्शन घेतल्यानंतर तरी ही चूक सुधारावी म्हणून आम्ही पुस्तके धुंडाळली. त्यांतून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम नावाविषयी दोन शब्द, कारण व्युत्पत्तीवाचून आमच्यासारख्यास घास गोड लागत नाही. सन १७७० मध्ये कॅप्टन कुक यांचे जहाज ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर दुरुस्तीसाठी थांबले असता तेथील मूळ रहिवाशांच्या तोंडून ‘गंगुरू’ असा शब्द खलाशांनी ऐकला व टिपून ठेविला. त्यावरून ‘कांगारू’. ‘कांगारू म्हणजे “मला ठाऊक नाही”, गोऱ्यांनी प्राण्याचे नाव विचारले आणि तेथील मनुष्याने असे उत्तर दिले’ ही जी मौजेची गोष्ट सांगतात, आणि आम्हीही वर्गात सांगत असू, ती निखालस खोटी आहे. सन १९७० नंतरच्या दशकात भाषाभ्यासकांनी त्याच लोकांत राहून चौकशी केली, तेव्हा हे एका विशिष्ट जातीच्या कांगारूचे खरेखुरे नाव आहे असे ठरले. अज्ञान होते ते गोष्ट रचणाऱ्यांचे, त्या वनवासी मनुष्याचे नव्हे.

पिशवीस आपल्या शास्त्रीय ग्रंथांत ‘शिशुधान’ वा ‘शिशुधानी’ असा सुंदर शब्द आहे. राजा जेथे राहतो ती राजधानी, तद्वत शिशू जेथे राहतो ती शिशुधानी. अशा प्राण्यांच्या सव्वातीनशेहून अधिक जाती आज पृथ्वीवर आहेत. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी व जवळची बेटे येथे असून बाकीच्या अमेरिका खंडांत आहेत. त्या सर्वांत मोठा तो तांबडा कांगारू. पूर्ण वाढलेला नर ऐंशी-पंच्याऐंशी किलोपर्यंत भरतो, मादी त्याच्या निम्म्याहूनही कमी. हा चरणारा प्राणी आहे आणि त्याचा मुलूख म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियाचे कोरडे, अल्प पावसाचे माळ.

आता नातवाच्या प्रश्नाकडे वळू. तांबड्या कांगारूचा गर्भवास केवळ ३३ दिवसांचा असतो. मनुष्याचे नऊ महिने, म्हशीचे दहा, आणि याचा जेमतेम एक! जन्मणारे पिलू घेवड्याच्या दाण्याएवढे असून त्याचे वजन एक ग्रॅमही भरत नाही. आमची नात तिच्या आईच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याची होती, आणि तेवढ्याने आमच्या तोंडचे पाणी पळाले. कांगारूचे पिलू आईच्या सुमारे तीस हजाराव्या हिश्श्याचे असते. त्याचे डोळे मिटलेले, कान धड न घडलेले, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. मात्र दोन गोष्टी सृष्टिकर्त्याने त्यास पूर्ण तयार करून दिलेल्या असतात. पुढच्या दोन हातांस बळकट नख्या आणि वास घेण्याची शक्ती.

प्रसूतीची वेळ आली म्हणजे मादी आपली शिशुधानी आतून चाटून स्वच्छ करते, आणि मग शेपूट दोन्ही पायांमधून पुढे घेऊन पाठ टेकल्यासारखी बसते. पिलू बाहेर येते आणि क्षणभरही न थांबता एका हातामागे दुसरा हात टाकीत आईच्या पोटावरील केस धरून वर चढू लागते. आई त्यास उचलीत नाही, ओठांनी धरीत नाही, हात लावीत नाही. ती चाटून वाट करून देते असे पूर्वी मानीत, पण तेही खरे नाही. तीन ते पाच मिनिटांत तो आंधळा जीव शिशुधानीच्या तोंडाशी येतो, आत उतरतो आणि तेथील चार स्तनाग्रांपैकी एक तोंडात धरतो. धरताच ते स्तनाग्र त्याच्या मुखात फुगते आणि पिलू जणू तेथे बसविले जाते. पुढील सुमारे सत्तर दिवस ते तोंड सुटत नाही.

आमच्या वेदान्ताच्या पाठांत दोन न्याय येत असत. वानरीचे पोर स्वतःच्या बळाने आईच्या पोटास बिलगते, तो मर्कटकिशोरन्याय. मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्यास तोंडात धरून नेते, तो मार्जारकिशोरन्याय. जीवाने देवास धरावे की देवाने जीवास उचलावे, यावर रामानुजांच्या अनुयायांत दोन पक्ष झाले. दोन्ही पक्षांच्या आचार्यांनी कांगारू पाहिलेला नव्हता. येथे आधी वानर आहे आणि मग मांजर. पाच मिनिटांचा पुरुषार्थ पिलाचा, आणि पुढील आठ महिन्यांची कृपा आईची.

हा चढ फार थोड्यांच्या दृष्टीस पडत असल्याने जुन्या प्रवाशांची मोठी फसगत झाली. सन १६२९ मध्ये पेल्सार्ट नावाचा डच कप्तान ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील बेटांवर जहाज फुटून अडकला असता त्याने तेथील लहान जातीच्या कांगारूची पिशवी उघडून पाहिली. आत स्तनाग्रास घट्ट चिकटलेले इवलेसे पिलू दिसले. त्याने अनुमान केले की, फांदीस फळ धरावे तसे हे पिलू स्तनाग्रावरच उगवते! आपण हसू नये. डोळ्यांनी दिसले तेवढ्यावरून त्याने तर्क केला. आम्ही तर पस्तीस वर्षे तर्कही केला नाही.

शिशुधानीतील पुढील संसार पाहण्याजोगा आहे. सुमारे पाचव्या महिन्यात पिलू प्रथम डोके बाहेर काढून जग न्याहाळते. सहाव्या महिन्याच्या सुमारास ते पहिल्यांदा खाली उतरते आणि थोडी चाहूल लागली की डोके खाली करून पुन्हा आत उडी घेते. आठव्या महिन्याच्या अखेरीस आई त्यास आत घेणे बंद करते. तरी त्याचे दूध सुटत नाही. वर्षाचे होईपर्यंत ते बाहेर उभे राहून शिशुधानीत डोके घालून पीत असते. याच वेळी आत दुसरे नवजात पिलू दुसऱ्या स्तनाग्रास लागलेले असते. आणि येथे एक विलक्षण प्रकार घडतो. धाकट्याच्या स्तनातून पातळ, थोड्या स्निग्धांशाचे दूध येते आणि थोरल्याच्या स्तनातून दाट, स्निग्धांशाने भरलेले. एकच आई, एकच वेळ, एकच चारा. पण दोन लेकरांस दोन निराळी दुधे! एका पंगतीत एकास पेज आणि दुसऱ्यास बासुंदी वाढणारी अशी अन्नपूर्णा आमच्या ऐकिवात नाही. थोरल्याचे स्तनाग्र धाकट्याने, वा धाकट्याचे थोरल्याने, कधी घ्यावयाचे नाही, हा त्या घरचा नियम.

इतक्याने तिचा संसार पुरा होत नाही. एक पिलू बाहेर, एक आत, आणि तिसरे गर्भाशयात वाट पाहत बसलेले. हा तिसरा गर्भ सुमारे शंभर पेशींचा झाला म्हणजे त्याची वाढ थांबते. आतील पिलू दूध ओढीत आहे तोवर तो तसाच राहतो; ते बाहेर पडण्याच्या बेतास आले, अथवा दुर्दैवाने दगावले, म्हणजे पुन्हा वाढू लागतो. आतील पिलाने जागा सोडली की एकदोन दिवसांत नवे पिलू चढून वर येते. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांस ही व्यवस्था अपरिचित वाटू नये. खोली रिकामी होताच पुढच्याची वळकटी आत!

येथवर वाचून कोणी म्हणेल की, इतका अपुरा गर्भवास देणारा हा प्राणी सृष्टीच्या शाळेत खालच्या इयत्तेत राहिलेला असावा. युरोपातील पंडितही पुष्कळ काळ असेच म्हणत. आम्हांस हे पटत नाही, आणि न पटण्याचे कारण आमच्या इंदापूरच्या माळावर आहे.

कडबनवाडीच्या गवताळ माळावर चिंकारा हरणे आहेत, हे या भागातील वाचकांस ठाऊक आहेच. बारामती तालुक्यात सुप्याजवळ त्यांच्यासाठी पाच चौरस किलोमीटरहून किंचित मोठे असे मयूरेश्वर अभयारण्य सन १९९७ मध्ये जाहीर झाले. नोकरीच्या काळात आम्ही इंदापूर तालुक्यात सायकलीने शाळेस जात असू, तेव्हा एकदा माळावरच्या वाळल्या गवतात एक पाडस अंग चोरून निपचित पडलेले पाहिले. आई दूर चरत होती. चिंकारा मादी पाडसास सुमारे साडेपाच महिने पोटात वाढविते. ते जन्मल्यावर थोड्याच वेळात उभे राहते, आणि मग आई त्यास गवतात दडवून चरावयास जाते व पाजण्यापुरती परत येते. माळ तोच, गवत तेच, पावसाचा बेभरवसाही तोच. पण चिंकारेची रीत अशी की, पोटात दीर्घकाळ वाढवावे आणि जन्मताच उभे करावे; कांगारूची रीत अशी की, पोटातून लवकर सोडावे आणि अंगावर दीर्घकाळ वागवावे.

दुष्काळात या दोन रीतींचा फरक उघड होतो. सन १९७२ चा दुष्काळ आम्ही शाळकरी वयात पाहिला आहे. चारा संपला म्हणजे गाभण जनावराचे काय हाल होतात ते येथील शेतकऱ्यांस विचारावे. पोटातले वासरू आईच्या अंगातील उरलेसुरले सत्त्व ओढून घेते. कांगारू मादीचे तसे होत नाही. अवर्षण लांबले तर तिचे दूध आटते व आतले पिलू दगावते, हे दारुण खरेच. परंतु तिच्या अंगातून फार थोडे गेलेले असते, ती स्वतः तगते, आणि थांबलेला गर्भ पुढे वाढू लागतो. पाऊस पडेल त्या दिवशी तिच्याजवळ पुढचे पिलू तयार असते. तेव्हा कांगारू मागे राहिलेला नाही. त्याने निराळा मार्ग धरिला आहे.

सर्वच शिशुधान प्राण्यांची घडी अशी सुखाची नसते. ऑस्ट्रेलियातील वोम्बॅट हा प्राणी जमीन उकरून बिळे करतो, म्हणून त्याच्या शिशुधानीचे तोंड मागच्या बाजूस असते. उकरलेली माती पिलाच्या डोळ्यांत जात नाही. उत्तर अमेरिकेतील ओपॉसमचा गर्भवास १२-१३ दिवसांचाच. तिला एका वेळी वीस-वीस पिलेही होतात, पण स्तनाग्रे बहुधा तेराच. ज्यास जागा मिळाली ते जगले, ज्यास मिळाली नाही ते गेले. पाच मिनिटांच्या त्या चढाईत काय पणास लागलेले असते, ते यावरून ध्यानी यावे.

“मग आपल्या माळावर कांगारू का नाही?” असा नातवाचा पुढचा प्रश्न आलाच. त्याचे उत्तर पृथ्वीच्या इतिहासात आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिका मिळून एकच महाखंड होते. भूशास्त्रज्ञांनी त्यास नाव दिले ते आपल्याच गोंडवनावरून, गोंडवाना. पुढे घर वाटले गेले. भारत सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलिया-अंटार्क्टिकेपासून सुटून उत्तरेकडे निघाला. शिशुधान प्राणी दक्षिण अमेरिकेतून, त्या काळी बर्फ नसलेल्या अंटार्क्टिकेवरून, ऑस्ट्रेलियात पोहोचले ते त्यानंतर पुष्कळ काळाने. तेथील त्यांचे जुन्यात जुने अवशेष सुमारे साडेपाच कोटी वर्षांचे आहेत. त्याच्याही आधी, ६.६ कोटी वर्षांच्या सुमारास, आपल्या पायांखालचा काळा दगड लाव्हारसाच्या रूपाने वाहून थिजला होता. थोडक्यात, पाहुणे आले तेव्हा आपण वाटणी करून दूर निघून गेलो होतो. म्हणून त्यांच्या माळावर कांगारू आणि आपल्या माळावर चिंकारा.

तरीही हा पाहुणा अखेर आपल्या घरी आलाच. रूपाने नव्हे, रीतीने. ती हकीकत अशी. सन १९७८ मध्ये दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात गोरगरिबांच्या एका प्रसूतिगृहात पेट्या थोड्या आणि अपुऱ्या दिवसांची बालके फार, अशी स्थिती होती. एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बालके ठेवावी लागत; एकाचा रोग दुसऱ्यास लागे. तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी, व त्यांच्यामागून डॉ. हेक्टर मार्तिनेस यांनी, पेटीच्या जागी आईलाच नेमले. बालकास केवळ टोपी, पायमोजे व लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर उभे, बेडकासारखे हातपाय दुमडून ठेवावयाचे, मान एका बाजूस वळवावयाची, वरून कापडाने बांधून घ्यावयाचे, आणि आईचेच दूध द्यावयाचे. या रीतीस त्यांनी नाव दिले ‘कांगारू माता’. जे दारिद्र्यातून सुचले, ते शास्त्र ठरले.

कोणी म्हणेल, हे परदेशातले झाले. म्हणून मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी सन २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अनुभव सांगतो. दोन किलोहून कमी वजनाच्या २०६ बालकांचे त्यांनी दोन गट केले. कांगारू रीतीने ठेविलेली बालके दररोज सरासरी सुमारे २४ ग्रॅमने वाढली. नेहमीच्या रीतीने ठेविलेली साडेपंधरा ग्रॅमने. अंग गार पडण्याचे प्रकारही पहिल्या गटात कमी झाले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, मलावी, नायजेरिया व टांझानिया या पाच देशांतील रुग्णालयांत मोठा प्रयोग केला. आपल्याकडील रुग्णालय दिल्लीचे सफदरजंग. १ किलो ते १ किलो ७९९ ग्रॅम वजनाची ३,२११ बालके त्यात होती. सन २०२१ मध्ये निष्कर्ष आला तो असा : नेहमीच्या रीतीत पहिल्या २८ दिवसांत दर शंभरांपैकी सुमारे सोळा बालके दगावली, जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेविलेल्यांत बारा. म्हणजे शंभरांमागे जवळजवळ चार जीव वाचले. वाचकहो, चार हा आकडा लहान वाटत असेल, तर ज्या घरी एक गेलेले आहे तेथे विचारावे.

आमच्या घरी एक गेलेले आहे. चाळीस वर्षांपूर्वी इंदापूरच्या वाड्यात आमची पहिली कन्या आठव्या महिन्यात जन्मास आली. वजन करण्याची सोय नव्हती. हाताच्या ओंजळीत मावत असे. थंडीचेच दिवस होते. घरच्या रीतीप्रमाणे तिसऱ्या दिवशी तेल लावून न्हाऊ घातले, धुरी दिली, दुपट्यात गुंडाळून शेगडीजवळच्या पाळण्यात निजविले. सोयर होते, सौभाग्यवती बाळंतिणीच्या खोलीत बाजेवर, आणि बाळ पाळण्यात. चौथ्या दिवशी तिचे पाय गार लागले. पाचवीच्या पूजेची तयारी तशीच राहिली. ती त्या न्हाणामुळेच गेली असे कोणी डॉक्टरही सांगणार नाही. इतक्या लहान जीवास जाण्यास वाटा पुष्कळ असतात. परंतु इतक्या अशक्त बालकाच्या अंगात चरबीचा थर नसतो, ओल्या अंगाची ऊब क्षणात निघून जाते, शेगडीची आच एकसारखी राहत नाही, आणि आईच्या देहाची राहते, एवढे आज आम्हांस ठाऊक आहे. तेव्हा नव्हते. न्हाऊ घालणारे हात वहिनींचे होते. त्यांनी तेव्हा जे केले ते प्रेमाने व रीतीला धरूनच केले. तरी या चाळीस वर्षांत तो विषय त्यांनी एकदाही काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही.

म्हणूनच यंदा त्यांनी ‘उघडं, थंडीत’ असे जे म्हटले, तो हट्ट नव्हता, ते भय होते. हे आमच्या ध्यानी आले, पण उशिरा.

बाळ १ किलो ८४० ग्रॅमचे झाल्यावर रुग्णालयातून घरी आले. डॉक्टरीणबाईंनी बजावले होते की, अडीच किलो होईपर्यंत न्हाणे नाही, तेल चोळणे नाही, धुरी तर कधीच नाही. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. आईचे दूध काढून वाटी-चमच्याने पाजावे व हळूहळू अंगावर लावावे. आणि दिवसाचे जितके तास साधतील तितके तास छातीशी ठेवावे, एका वेळी एक तासाहून कमी नको. आईस जेवणखाण, स्नान, झोप हवी. तेवढ्या वेळात घरातील कोणाही निरोगी माणसाने, हात स्वच्छ धुऊन, तिची जागा घ्यावी. कांगारूच्या नरास शिशुधानी नसते. पण आमच्या चिरंजीवांनी कचेरीतून आल्यावर रोज दीड तास ही नोकरी चोख बजाविली. आमच्या पिढीतील पुरुष बारशापर्यंत बाळास हात लावण्यास बिचकत असत, हे आठवून आम्हांस थोडी लाज वाटली.

घरी आल्यापासून चौथ्या दिवशी दुपारी चिरंजीव कामावर, सौभाग्यवती देवदर्शनास गेलेल्या, आणि सूनबाईंना पहाटेपासून पाठ टेकावयास सवड मिळालेली नव्हती. वहिनी दाराशी आल्या आणि म्हणाल्या, “दे मला. सांग कसं धरायचं ते.” सूनबाई म्हणाल्या, “मोठ्या आई, तुम्ही आरामखुर्चीत मागे टेकून बसा, मी ठेवते.” आम्ही ओसरीवर गेलो. तासाभराने आत डोकावलो, तेव्हा सूनबाई गाढ झोपल्या होत्या. वहिनी आरामखुर्चीत बसल्या होत्या, अंगावर जुन्या मऊ लुगड्याची घडी बांधलेली, वर शाल, आणि शालीच्या काठाशी एक लहानशी लोकरीची टोपी. आम्हांस पाहून त्या हळूच म्हणाल्या, “भाऊजी, किती ऊब आहे हो हिला.” मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर मी रात्रंदिवस धरून बसले असते.”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही तेथेच खाली बसलो.

असो. या मजकुराचे तात्पर्य लांबविण्याची गरज नाही. आपल्या घरी, शेजारी, अथवा शेतावरच्या गड्याच्या घरी अपुऱ्या दिवसांचे वा अडीच किलोहून कमी वजनाचे बाळ जन्मास आले, तर ‘सटवाईने लिहिले असेल ते होईल’ म्हणून बसू नये, आणि शेगडी व न्हाणे यांच्या मागेही लागू नये. त्यास आधी डॉक्टरांकडे न्यावे, नेतानाही छातीशी धरूनच न्यावे, आणि ते सांगतील त्याप्रमाणे छातीशीच वाढवावे. पेटी, औषध, प्राणवायू यांचे काम निराळे आहे व ते पाहिजेच. पण आईचे अंग हेही औषधच आहे आणि ते घरात असते.

पाडव्यास नातीचे वजन ३ किलो ३०० ग्रॅम भरले. न्हाऊ घालण्याची परवानगी त्याआधीच मिळाली होती. पहिले न्हाण वहिनींनीच घातले, दार-खिडक्या लावून, कोमट पाण्याने, दोन मिनिटांत. आणि पुसून कोरडी करताच दुपट्यात न गुंडाळता सरळ सूनबाईंच्या छातीशी दिली. नातू शेजारी उभा राहून घड्याळ पाहत होता. तो म्हणाला, “आजोबा, हिला चढावंच लागलं नाही.” आम्ही म्हटले, “बाळ, हिच्या वाटची चढाई हिने त्या नऊ दिवसांत केली. पुढचे काम आपले.”